सतरा इंचाचा मोह, पंचेचाळीस हजारांचं बजेट

दसरा जवळ आला की आमच्याकडे दोनच प्रकारची पत्रं येतात, नवीन गाडी कुठली घेऊ आणि आहे ती गाडी नव्यासारखी कशी दिसेल. यंदा दुसऱ्या प्रश्नाचं पारडं जड आहे आणि त्यातल्या बहुतेकांना अलॉय (स्टीलऐवजी मिश्रधातूचे रिम) टाकायचेत, म्हणून हा महिना पूर्ण चाकांनाच देऊन टाकला. पत्रं थोडी छाटलीत, भाषा ज्याची त्याचीच ठेवलीय.

प्रश्न : नमस्कार सर, माझ्याकडे २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल आहे. १४ इंची स्टीलचे रिम आणि वर प्लास्टिकचे व्हीलकॅप, त्यातला एक वारज्याला कुठेतरी पडला तो पडलाच. टायर १६५/८० आर१४, कंपनीतून आलेलेच, आता बदलायला झालेत. म्हटलं टायर घ्यायचेच आहेत तर अलॉय पण घेऊन टाकू, एकदाच काय तो खर्च. बजेट ४५ हजार, ते पण ओढूनताणून. एका दुकानात गेलो तर तो म्हणाला साहेब १५-१६ च्या भानगडीत पडू नका, डायरेक्ट १७ टाका, २०५/४५ टायर, गाडीला लूक येतो लूक, आणि चाकाची टोटल उंची तेवढीच राहते, स्पीडोमीटरलापण फरक नाही. चार अलॉय ३६ हजार, चार टायर २४ हजार, जुने घेऊन ५ हजार कमी, म्हणजे ५५. वरचे १० हजार हप्त्याने द्या म्हणाला. मी रोज धायरीहून हिंजवडीला बायपासने जातो. घरचे म्हणतात कशाला नसते उद्योग. काय करू? — एक स्विफ्टवाला, धायरी

उत्तर : दुकानदार खोटं बोललेला नाही, हे आधी सांगतो. कागद घ्या आणि करून बघा. १६५/८० आर१४ मधले १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के उंचीची साइडवॉल (टायरची बाजूची भिंत), आणि १४ म्हणजे रिमचा व्यास इंचात. १६५ चे ८० टक्के झाले १३२, वरचे खालचे मिळून २६४, त्यात १४ इंचाचे ३५५.६ मिळवले की साधारण ६२० मिलिमीटर येतात. हेच गणित २०५/४५ आर१७ चं केलं तर ६१६. फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास, स्पीडोमीटरला तो कळणारपण नाही. इथपर्यंत त्याचं सगळं बरोबर.

आता विचारा की चाकाची उंची तेवढीच ठेवून रिम तीन इंच वाढला, तर ते तीन इंच काढले कुठून? साइडवॉलमधून. आधी रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत १३२ मिलिमीटर रबर होतं, आता उरलं ९२. चार सेंटिमीटर गेले, पट्टीवर चार सेंटिमीटर बोटाने धरून बघा म्हणजे अंदाज येईल. खड्ड्याची कड चाकाला बसते तेव्हा आधी हे रबर दबतं आणि त्यातूनही उरलं तरच रिमला लागतं. साइडवॉल बुटकी असली की दबायला जागाच नसते, टायर खड्डा आणि रिमच्या मधे चिमटतो, आतले धागे तुटतात आणि सकाळी बघावं तर साइडवॉलला हा एवढा फुगा. फुगा आलेला टायर कुठलाही पंक्चरवाला नीट करून देऊ शकत नाही, तो काढायचाच, आणि कधीकधी सोबत रिमची आतली कडपण वाकलेली असते, ती वेगळीच. धायरीतून नवले पुलापर्यंत यायलाच तुम्हाला काय काय लागतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय, पुढे चांदणी चौक, बालेवाडी, वाकड, त्यात पावसाळ्यात खड्डा आहे का नुसतं पाणी आहे हे वरून कळत नाही. तुमच्या या रोजच्या रस्त्यावर १७ इंची नकोच. जो दणका टायर खात नाही तो पुढे सस्पेन्शनमधल्या लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट यांच्या वाट्याला जातो, म्हणजे सहा महिन्यांनी गाडी खडखडते म्हणून गॅरेजला जाल तेव्हा कोणी तुम्हाला सांगणार नाही की हे अलॉयचं बिल आहे.

अजून एक गोष्ट, जी दुकानात कोणी काढत नाही. टायरवर साइजच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं, लोड इंडेक्स आणि स्पीड. तुमच्या १६५/८० आर१४ वर ८५ लिहिलेलं दिसेल, ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलोपर्यंत चालतं. २०५/४५ आर१७ चा साधा टायर मिळतो तो ८४ चा, म्हणजे ५०० किलो. टायर दिसायला दांडगा, खर्चाला दांडगा, आणि वजन झेलायला जुन्यापेक्षा कमी. यातच एक्सएल नावाचा जाड बांधणीचा प्रकार येतो त्यावर ८८ असतं, तो चालला असता, पण २४ हजारांत चार टायरमध्ये तो कुठल्या कंपनीचा मिळणार हे त्या दुकानदाराकडून लिहून घ्या, मला पण उत्सुकता आहे.

तर मग करायचं काय. तुमच्याच गाडीच्या झेडएक्सआय या वरच्या व्हेरियंटला मारुती १८५/६५ आर१५ टायर आणि अलॉय देते. गणित करा, ६२१.५ येतं, म्हणजे चाक तेवढंच. साइडवॉल १२०, म्हणजे १२ मिलिमीटरच कमी झाली, लोड इंडेक्स ८८, म्हणजे ५६० किलो, उलट वाढला. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर आत घासत नाही, पाच माणसं आणि सामान भरून स्पीडब्रेकरवर दाणकन उतरलं तरी वर लागत नाही, ही सगळी डोकेफोड कंपनीने तुमच्या आधीच केलेली आहे. माझं मत सरळ आहे, आपल्याच मॉडेलच्या टॉप व्हेरियंटला कंपनीने जी साइज दिली तिथपर्यंत जायचं, आणि त्यापुढे खिशात जे काही उरेल ते टायरवर घालायचं. बाहेरच्या मोठ्या अलॉयसाठी टायर हलका घेणारे लोक रोज दिसतात, पण ब्रेक दाबला की गाडी थांबवतो तो टायर, अलॉय नुसताच गोल फिरतो.

तुम्ही म्हणाल मग १६ इंची १९५/५५ काय वाईट, तेपण ६२१ च येतंय. वाईट काही नाही, साइडवॉल १०७ राहते, रस्ता बरा असेल आणि बजेट सैल असेल तर लोक आरामात वापरतात. तुमचं दोन्ही नाही.

आता पैसे वाचवायची खरी जागा. तुमच्या त्या दुकानदारासारख्यांच्या सल्ल्याने झेडएक्सआयवाले आपले कंपनीचे १५ इंची अलॉय काढून १६-१७ टाकतात, आणि मग ते काढलेले चार अलॉय दुकानाच्या माळ्यावर पडून असतात. ते शोधा. नाना पेठेत फिरा, मोठ्या टायरवाल्यांकडे विचारून ठेवा, ऑनलाइन जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत 'स्विफ्ट ओरिजिनल अलॉय' असं बघा. हे अलॉय तुमच्या हबवर (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं तो) काहीही जुगाड न करता बसतात, पीसीडी ४ बाय १००, म्हणजे चार भोकं १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर, मधलं भोक ५४.१ मिलिमीटर, सगळं कंपनीचंच. नव्यापेक्षा बरेच स्वस्त पडतात आणि क्वालिटीला बाजारातल्या कुठल्याही स्वस्त नव्या सेटपेक्षा सरस.

फक्त घेताना फोटोवर जाऊ नका. फोटोत अलॉयचा चेहरा दिसतो, मार बसतो पाठीमागच्या कडेला. टायर काढलेला असेल तर उत्तमच, नसेल तर पन्नास-शंभर रुपये देऊन काढून घ्या आणि नुसता रिम बॅलन्सिंग मशीनवर चढवून हळू फिरवायला सांगा. खाली वाकून आतल्या कडेकडे बघा, कड आणि मशीनचा एखादा स्थिर भाग यांच्यातलं अंतर फिरताना कमीजास्त होत असेल तर रिम वाकलाय. मग ओल्या फडक्याने आतली बाजू पुसा. ब्रेकची काळी धूळ निघाली तर चांगली गोष्ट आहे, खरा वापरलेला माल आहे. पण बाहेरून ओरखडे आणि आतून मात्र ताजा चकचकीत रंग असेल तर तिथे वेल्डिंग लपवलंय असं धरून चाला, त्या रंगाखाली नखाने चाचपलं तर कधीकधी उंचवटा लागतो. स्पोक जिथे रिमला मिळतो त्या कोपऱ्यात केसासारखी रेघ दिसली तरी तो रिम बाजूला. वेल्डिंग केलेला अलॉय फुकट दिला तरी घेऊ नका, चारात एक असा असेल तर तीनच घ्या असंही नाही, सेटच सोडून द्या, दुसरा मिळतो.

महिनाभर शोधून नाहीच मिळाले तर नवीन आफ्टरमार्केट १५ इंची घ्या, पण तेव्हा दोन आकडे नक्की विचारा, रुंदी किती जे (जे च्या आधीचा आकडा म्हणजे रिमची रुंदी इंचात) आणि ऑफसेट म्हणजे ईटी किती (रिम हबला टेकतो ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे). यातच लोक फसतात. समजा कंपनीचा रिम ५.५ जे आणि ईटी ४५ आहे आणि दुकानदाराने तुम्हाला ६.५ जे, ईटी ३५ दिला. रुंदी एक इंच वाढली म्हणजे दोन्हीकडे १२.७ मिलिमीटर, त्यात ईटी १० ने कमी म्हणजे पूर्ण चाकच १० मिलिमीटर बाहेर सरकलं. बाहेरची कड झाली जवळपास २३ मिलिमीटर बाहेर. मागून बघाल तर गाडी फताडी दिसेल, पावसात चिखल थेट दरवाज्यावर, मागे तीन माणसं बसली की टायर मडगार्डच्या कडेला घासणार, आणि व्हील बेअरिंगवरचा भार वाढला तो वेगळाच. रुंदी ६ जे पुरे, आणि ईटी कंपनीच्या जितका जवळ तितकं बरं.

नवीन अलॉयच्या पाठीमागे बोटाने चाचपा, तिथे साइज, ईटी, जास्तीत जास्त किती किलो चालतं हे ओतीव अक्षरात असतं, आयएसआय किंवा जपानी जेडब्ल्यूएल-व्हीआयएची खूण असते. काहीच नसेल, नुसता गुळगुळीत असेल, तर ठेवून द्या. या खुणा म्हणजे नुसता छाप नसतो, वळणावरचा ताण, सतत फिरण्याचा थकवा आणि वरून वजन आदळण्याचा मार अशा चाचण्या असतात त्यामागे. आपल्या पुण्यातल्या टेकडीवरच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेमध्ये चाकांच्या अशा टेस्ट होतात, सकाळी तिथे फिरायला जाणाऱ्या निम्म्या लोकांना आत काय चालतं याचा पत्ता नसतो तो भाग वेगळा.

आणि हो, अलॉय म्हणजे हलका हे डोक्यातून काढा. स्वस्तातला ओतीव १६-१७ इंची अलॉय तुमच्या १४ इंची स्टीलपेक्षा जड भरू शकतो. दुकानात काटा असतोच, दोन्ही ठेवून बघा. चाक जड झालं की सिग्नलवरून उचलताना गाडी सुस्त वाटते, मायलेज थोडं उतरतं, आणि मग लोक इंजिनला दोष देतात.

टायर घेताना बाजूवरचे डीओटीचे शेवटचे चार आकडे वाचा, ३५२४ असेल तर २०२४ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला. फार जुना स्टॉक गळ्यात मारत असेल तर भाव पाडा नाहीतर दुसरा मागा. बसवल्यावर अलाइनमेंट करा, १०० एक किलोमीटर चालवून नट पुन्हा टॉर्क पान्याने बघून घ्या. तुमची १४ इंची स्टेपनी आहे तशीच डिकीत राहू द्या, व्यास सारखाच असल्याने घरी किंवा पंक्चरवाल्यापर्यंत न्यायला चालते. उरलेले जुने स्टीलचे रिम विकायची घाई करू नका, गाडी विकताना ते परत चढवून अलॉय वेगळे विकता येतात. आणि तो १० हजारांचा हप्ता विसरून जा.

प्रश्न : माझ्या आय२० ला मित्राकडून त्याचे जुने १६ इंची आफ्टरमार्केट अलॉय घेतले. ८० च्या पुढे स्टेअरिंग थरथरतं, १०० ला कमी होतं. दोन ठिकाणी बॅलन्सिंग केलं, प्रत्येकाने वजनं चिकटवली आणि पैसे घेतले. एक जण म्हणाला सस्पेन्शनचं काम निघेल, १४ हजार. जुने चाकं होती तेव्हा काहीच नव्हतं. — वाचक, वाकड

उत्तर : १४ हजार खिशातच ठेवा सध्या. जुनी चाकं असताना काही नव्हतं हे तुम्हीच लिहिलंय, उत्तर त्यातच आहे.

चाक काढून मागून मधल्या भोकात बघा. आफ्टरमार्केट अलॉय सगळ्या गाड्यांना बसावे म्हणून मधलं भोक मोठं ठेवतात, ६७.१ नाहीतर ७३.१ मिलिमीटर. तुमच्या हबचा व्यास ५४.१. कंपनीचं चाक त्या हबवर घट्ट बसून आपोआप मध्यावर येतं, तुमचं चाक फक्त चार नटांच्या भरवशावर लटकलंय, नट आवळताना गाडी थोडी जरी कलली तरी चाक केसभर बाजूला बसतं. बॅलन्सिंगवाल्याच्या मशीनवर चाक शंकूने मधोमध धरलं जातं, म्हणून तिथे सगळं झीरो झीरो दिसतं आणि गाडीवर परत थरथर. यावर हब रिंग मिळते, प्लास्टिकची किंवा अल्युमिनियमची, बाहेरून ७३.१ आतून ५४.१ अशी. किंमत अगदी किरकोळ. मित्राकडे पडल्या असतील तर आधी त्याला विचारा, बरेच जण चाकं विकताना रिंगा काढायला विसरतात आणि त्या हबवरच राहून जातात.

रिंग टाकून चाक जमिनीपासून वर असतानाच नट हाताने, समोरासमोरचे, फुलीच्या क्रमाने लावा आणि मग गाडी खाली घेऊन आवळा. एअर गनने एका बाजूने धडाधड आवळणाऱ्याला दोन शब्द सुनवायला हरकत नाही. एवढं करूनही थरथर राहिली तर रिम वाकलेला आहे का ते वरच्या उत्तरात सांगितलंय तसं बघा. नटपण बघा, ह्युंदाईचे नट शंकूच्या आकाराचे असतात, होंडाचे गोल बुडाचे असतात, मित्राची गाडी होंडा असेल आणि त्याने नटांसकट दिले असतील तर ते लगेच बदला, आणि आधी नटांच्या आट्या गाडीच्या स्टडला जुळतात का ते बघा, जबरदस्तीने फिरवले तर स्टडच जातो.

प्रश्न : अलॉय टाकले तर पोलीस पकडतात का? आणि इन्शुरन्सला सांगायचं का न सांगितलेलं बरं? — नाव नको, सिंहगड रोड

उत्तर : मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, त्यात म्हटलंय की कंपनीने जी वैशिष्ट्यं दिलीत आणि आरसीत जी नोंद आहे ती बदलेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कागदावर हे असं आहे. आपल्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला कंपनी जी साइज देते ती टाकली तर तुमच्याकडे बोट दाखवायला मॅन्युअल असतं, ते गाडीत ठेवा. मडगार्डच्या बाहेर दोन बोटं आलेले टायर घेऊन स्वारगेटच्या चौकात उभे राहिलात तर मात्र पावती फाडणाऱ्याची चूक नाही. टायर गुळगुळीत झालेला असेल तर ती वेगळी भानगड, खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद. टायरच्या खाचेत छोटे उंचवटे असतात, त्यांच्या पातळीला रबर आलं की समजायचं.

इन्शुरन्सला सांगाच. पक्कं जीएसटी बिल घ्या, कंपनीला कळवा, नॉन-इलेक्ट्रिकल अॅक्सेसरी म्हणून त्याची किंमत पॉलिसीत धरली जाते, थोडा प्रीमियम वाढतो. न सांगता टाकले आणि रात्रीत सोसायटीच्या बाहेरून कोणी चारही चाकं काढून गाडी विटांवर ठेवून गेला, तर भरपाई मागायला तुमच्याकडे कागदच नसेल. लॉक नटपण लावून घ्या, दर चाकाला एक, आणि त्याची चावी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, घरी देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये नको, पंक्चर ताम्हिणी घाटात होतं.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत नुसत्या टायरचं नुकसान धरतच नाहीत. त्याच दणक्यात गाडीला पण मार बसला असेल तरच टायरचे पैसे मिळतात, तेपण निम्मे. म्हणजे खड्ड्यात गाडी धडधाकट राहिली आणि टायरला फुगा आला तर पूर्ण खर्च तुमचा, टायरसाठी वेगळा अॅड-ऑन घेतला असेल तर गोष्ट वेगळी. बुटक्या साइडवॉलचा टायर निवडताना हा हिशोबपण मनात धरा.

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पप्पांची जुनी पोलो आता माझ्याकडे आलीय. जुन्या बाजारात पाच होलचे १७ इंची अलॉय बघितले, एकदम कडक आहेत, चारचे ११ हजार सांगतोय ९ ला देईल. पण ते क्रेटाचे आहेत म्हणे. तो म्हणतो अॅडॅप्टर लावून बसतात, नाहीतर भोकं थोडी मोठी करून देतो. चालेल ना? — कर्वेनगर

उत्तर : नाही रे बाबा.

पोलोची पीसीडी ५ बाय १००, क्रेटाची ५ बाय ११४.३. दोन्हीला पाचच भोकं आहेत म्हणून तुला एकसारखी वाटतात, पण ज्या वर्तुळावर ती भोकं आहेत त्याचा व्यासच १४ मिलिमीटरने वेगळा आहे. भोकं मोठी करून बसवायची म्हणजे बोल्ट ज्या तिरक्या बैठकीवर घट्ट बसतो ती बैठकच खरवडून टाकायची, मग बोल्ट कितीही आवळ, तो ढिला होणार, आणि चाक गाडीच्या पुढे निघून जातं तेव्हा तू एक्सप्रेसवेवर असशील का पार्किंगमध्ये हे तुझ्या हातात नसतं. तुझ्या गाडीला तर नटपण नाहीत, बोल्ट आहेत, गोल बुडाचे, ते पूर्ण वेगळं प्रकरण. अॅडॅप्टर लावला तर जितकी त्याची जाडी तितकं चाक बाहेर येतं, २० मिलिमीटर म्हटलं तरी ईटी २० ने उतरला, धायरीवाल्यांना जे २३ मिलिमीटर सांगितलं जवळपास तेवढं तुला इथे नुसत्या अॅडॅप्टरमध्येच मिळालं.

बाजारात बुधवार-रविवार जाऊन बघत राहा, त्याला ना नाही, पण खिशात पीसीडी लिहिलेला कागद ठेव. फोक्सवॅगन पोलो-व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड सगळ्या ५ बाय १०० वाल्या, चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या अशा गाड्या पुण्यात भरपूर आहेत, त्यांचे कंपनीचे १५ किंवा १६ इंची अलॉय शोध. ९ हजारांत सेट मिळेलच असं नाही, पण मिळेल तो तुझ्या गाडीचा असेल. आणि पप्पांना न विचारता काही करू नकोस, गाडी त्यांच्या नावावर आहे, दंडाची पावतीपण त्यांच्याच नावाने येणार.

प्रश्न : माझी वॅगनआर व्हीएक्सआय, १३ इंची चाकं. मी स्वतः चालवते, मंडई, बँक, नातवाला शाळेतून आणणे एवढंच. मुलगा म्हणतो आई चाकं सायकलची वाटतात, १५ इंची करू. मला कंबरेचा त्रास आहे, दणके सोसत नाहीत. नुसते टायर थोडे रुंद घेतले तर त्याचंही समाधान आणि माझंही, असं होईल का? — वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, कंबर तुमची आहे आणि गाडीपण तुम्हीच चालवता, त्यामुळे मत तुमचंच चालणार. तुमच्या १५५/८० आर१३ ला साइडवॉल १२४ मिलिमीटर मिळते, मंडईच्या बोळातले दगड आणि सोसायट्यांनी मनाने घातलेले स्पीडब्रेकर याच रबरामुळे तुमच्या कंबरेपर्यंत पूर्ण पोचत नाहीत. १५ इंचीने ते कमीच होणार.

आहे त्याच १३ इंची रिमवर फार रुंद टायर चढवायचा हट्ट नको, अरुंद रिमवर तो चेपल्यासारखा फुगतो आणि वळताना गाडी लचकते, स्टेअरिंगपण हाताला जड लागतं. मुलाची हौस भागवायचीच असेल तर तुमच्याच गाडीच्या झेडएक्सआयला १६५/७० आर१४ येतात. चाकाचा व्यास दीड टक्क्याने वाढतो, गाडी अगदी चार-पाच मिलिमीटर उचलली जाते, पण साइडवॉल ११५ वर येते, म्हणजे थोडा दणका जास्त. टायर संपले असतील तरच याचा विचार करा आणि पैसे मुलाला भरायला सांगा. संपले नसतील तर दर पंधरा दिवसांनी हवा तपासत जा, सकाळी गाडी गार असताना, ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर स्टिकर आहे त्यावरचा आकडा सांगून. पेट्रोल पंपावरचा मुलगा विचारतो 'किती भरू, ३५?' आणि आपण मान डोलावतो, निम्मे दणके तिथेच विकत घेतलेले असतात. चाकं सायकलची वाटतात म्हणाला ना, त्याला चांगले व्हीलकॅप आणून बसवायला सांगा, रविवारी वेळ असतो त्याला.